चिंचेवरची सुरैया

ताऱ्यांना शेपट्या फुटल्या होत्या.

नबीलानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. काळ्या आभाळात जिथं मोत्यांचा घोस लोंबायला हवा, तिथं पाच-सहा पांढरे किडे वळवळत होते. एक वाकडा, एक दुहेरी, एकाला तर दोन डोकी. कालही असंच, परवाही असंच. तिनं कॅमेऱ्याचा तीनपायी स्टँड हलवून बघितला. घट्ट होता. वारा म्हणावा तर पान हलत नव्हतं.

चैत्र सरत आला होता. भिवंडीत, नारपोलीच्या त्या गल्लीत सूर्य बुडाला तरी उकाडा बुडत नसे. खालच्या मजल्यावर कापडाचे लूम, मधे घर, वर गच्ची. गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं की मावळतीला, जरा उत्तरेकडे कलून, घरांच्या पत्र्यांपलीकडे कबरस्तानातली जुनी चिंच दिसे. मगरिबची अजान होऊन अंधार धरला, की त्या चिंचेच्या डोक्यावर ताऱ्यांचा एक पुंजका येऊन उभा राही. शाळेच्या पुस्तकात त्याला कृत्तिका म्हणतात. नबीलाच्या घरात त्याचं नाव सुरैया.

ती खाली उतरली. खिडकीजवळच्या लोखंडी खाटेवर तिचे अब्बा, गुलाम हुसेन, उशीला टेकून बसले होते. ते जॉबर होते. लूम आजारी पडला की गल्लीतला प्रत्येक कारखानदार त्यांना हाक मारी. लुमांची दुखणी काढता काढता रुईची भुकटी छातीत जाऊन बसली, आणि ती काढणारा जॉबर कुठं मिळेना. आता नाकात नळी होती, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं, विजेवर चालणारं मशीन. खाटेजवळची खिडकी उघडायची ती समोरच्या कारखान्याच्या भिंतीत.

"आली?" त्यांनी हात पुढं केला.

नबीलानं कॅमेरा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला.

"हे काय हाय गो?"

"सुरैया, अब्बा."

ते बराच वेळ बघत राहिले. "छाती गेली, आता डोळेपण गेले वाटतं."

"डोळे बरे आहेत तुमचे. फोटो हललाय."

"तू हललीस?"

"मी हातपण नाही लावला. आपोआप निघतो फोटो."

"मग तारे हलले," म्हणून ते हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला ओसरल्यावर छातीवर हात ठेवून म्हणाले, "हसवू नको गो. हितं आत रातपाळी चालू हाय."

"हसवतंय कोण?" चुलीजवळून नबीलाची आई जुबैदा म्हणाली. चूल कसली, गॅसच. पण ती चूलच म्हणे. "आपणच बोलायचं, आपणच हसायचं, आन आपणच खोकायचं. नबीला, ती नळी मुडपलीय बघ. आधी बापाचं नाक बघ, मग आसमान बघ."

नबीलानं नळी सरळ केली.

सुरैया त्या घरात आली ती गुलाम हुसेनच्या आईबरोबर. खाडीपलीकडच्या गावातून सून होऊन आलेली ती बाई दळताना गायची:

आभाळीच्या झाडाला सुरैयाचा घोस,
माझ्या लेकीच्या कानाला चांदण्याचा सोस.

गुलाम हुसेननं ती ओवी आपल्या थोरल्या लेकीला, उज्माला, गच्चीवर खांद्यावर बसवून शिकवली होती. मग एका उन्हाळ्यात गल्लीच्या नळाला गढूळ पाणी आलं, घरोघर कावीळ शिरली, आणि उज्मा गेली. तिला चिंचेच्या मोठ्या फांदीखाली जागा मिळाली. माती देऊन बाप परतला तो घरात बसलाच नाही, गच्चीवर गेला. आणि बघतो तर सुरैया बरोबर चिंचेवर. तेव्हापासून दर वर्षी या दिवसांत तो संध्याकाळी वर जाई, तिकडे तोंड करून फातिहा पढे, आणि पुंजका फांद्यांत उतरेपर्यंत उभा राही. जुबैदा कधी वर गेली नाही. गच्चीच्या दारापाशी वाळायला टाकलेले कपडेसुद्धा नबीलाच आणी.

या वर्षी त्यांना खाटेवरून मोरीपर्यंत जाणं जड होतं. जिना तर दूरच. एजाज, नबीलाचा मोठा भाऊ, एकदा म्हणाला होता की खुर्चीत बसवून उचलून नेऊ. दोन पायऱ्या चढवल्या तोच त्यांचे ओठ निळे पडले. मग त्यांनी नबीलाला सांगितलं, "तू आण ती खाली. तुमच्यात काय काय यंत्रं असतात आता."

घाई होती. सुरैया रोज थोडी खाली सरकत होती. आठ-दहा दिवसांत ती मावळतीच्या उजेडात विरघळणार होती. नंतर दिसेल ती भर पावसाळ्यात पहाटे, उगवतीला, कारखान्यांच्या धुराड्यांवर. चिंचेवर येईल ती पुढच्या चैत्रात. आणि पुढच्या चैत्राबद्दल त्या घरात कुणी बोलत नव्हतं.

कॅमेरा मेघालीचा. मेघाली खारबावची, कॉलेजात नबीलाच्या बाकावर बसणारी. आता गावोगावच्या हळदींचे फोटो काढी. चौथ्या दिवशी ती स्कुटी घेऊन आली, जुबैदाच्या हातचे घावन खाऊन झाल्यावर तिनं फोटो बघितले, आणि डोक्यावर हात मारला.

"अगो, तारं हायत का किडं? हे काय फोटो कारलंस?"

"तुझा कॅमेराच बिघडलाय."

"माज्या कॅमेऱ्याला नाव ठेवू नको हां! परवा हलदीत नाचणाऱ्या मावशीच्या नथीतला मोती टिपलाय यानं. मावशी उडत होती, मोती हलला न्हाय. चल वर, बगू."

वर आल्यावर मेघालीनं उंबऱ्याशी चपला काढल्या, दोन पावलं टाकली आणि थबकली. एक पाय उचलला, ठेवला. दुसरा उचलला.

"काय झालं?"

"तुमचं घर हलतंय."

"कुठं?"

"कुठं काय! माज्या पायांना मुंग्या येतात. हात ठेव कठड्यावर."

नबीलानं ठेवला. उन्हानं तापलेली भिंत, दुसरं काही नाही. "मला नाही काय लागत."

"तुला कसं लागंल? तू आईच्या पोटात होतीस तवापासनं हलतेस." मेघालीनं कॅमेरा स्टँडवर चढवला, कबरस्तानच्या बाजूला नवा लागलेला उंच खांबाचा दिवा भिंगात धरला आणि पडद्यावर मोठा केला. "ये, बग."

पडद्यावर तो दिवा थरथरत होता. थांबत नव्हता, खालच्या लुमांच्या खटखटीबरोबर बारीक बारीक नाचत होता. नबीलानं कॅमेऱ्यावरून मान वर करून खऱ्या दिव्याकडे बघितलं. तो स्थिर होता. परत पडद्यात बघितलं. नाचत होता.

जन्मल्यापासून ती या घरात झोपली, जेवली, शिकली. कपाटातल्या बश्या किणकिणायच्या, तर तिला वाटे बश्या किणकिणतातच. पाहुणे रात्री झोपत नसत, तर तिला वाटे त्यांना आपल्याकडचे डास चावतात.

"शटर स्लो ठेवलास की सगळं हलणं त्यात उतरतं," मेघाली म्हणाली. "असं कर, खारबावला ये. बांधावर उभी राहा. एका फोटोत काम."

"तिथं चिंच नाही."

मेघालीनं मान डोलावली. तिला उज्माचं माहीत होतं.

त्याच संध्याकाळी नबीला एजाजकडे गेली. खालचे लूम तोच चालवी. त्यानं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला.

"थांबवायचे? कशाला?"

"अब्बांच्या फोटोसाठी. थोडा वेळ, भाई."

त्यानं तोंड वाकडं केलं, पण केलं. एकेक करून सगळे लूम उभे राहिले. कारागीर बिड्या ओढायला बाहेर पडले. "क्या हुआ, एजाज भाई? हड़ताल?" असं कुणी विचारलं, तर तो म्हणाला, "नहीं, आसमान का काम है." नबीला वर धावली. फोटो निघाला. किडे आता बारीक झाले होते, पण होते. गल्लीत सगळे कारखाने भिंतीला भिंत लावून. शेजारच्याचा धोटा आपटला की यांच्या गच्चीला कळे.

"शेजारी विचारून बघ ना, भाई," ती खाली येऊन म्हणाली.

"काय सांगू जाऊन? बहिणीला चांदण्यांचा फोटो काढायचाय, सगळी गल्ली बंद करा? मला पडघ्याच्या नाक्यावर नेऊन ट्रकपुढं सोडतील." मग बहिणीचं तोंड बघून तो मवाळला. "जुम्म्याला सुट्टी असते, पण मगरिबला रातपाळी सुरूच होते गो. ही गल्ली थांबते ती लाईट गेली तरच."

"मग जाऊ दे की लाईट. थोडा वेळ जाईना का."

जिन्यात जुबैदा उभी होती. हातात एजाजचा चहा. तो तिनं पायरीवर ठेवला.

"काय म्हणालीस?"

"काही नाही, अम्मी."

"तुझ्या बापाचा दम त्या वायरीतून येतो. आन तू लाईट जायची वाट बघतेस?"

"ऑक्सिजनचा बाटला आहे ना घरात. लाईट गेली तर बाटला लावायचा."

"बाटला काय समुंदर हाय?" जुबैदा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं.

त्या दिवसापासून संध्याकाळी घरात दोन दुआ एका चटईवरून वर जाऊ लागल्या. जुबैदा ओंजळ पसरून ओठ हलवी. दिवा जरासा फडफडला तरी तिचे डोळे मशीनकडे जात. नबीला तिच्या शेजारी बसे. ती काही मागत नसे. पण ओंजळ मिटायच्या आत मनातून काहीतरी निसटून जाई, आणि गेल्यावर ते परत कसं आणावं हे तिला कळत नसे.

सुरैया चिंचेच्या शेंड्याला टेकली. मग शेंड्याच्या आत उतरू लागली.

आणि एका संध्याकाळी, मगरिब होऊन गेल्यावर, कुठंतरी मोठा धडाका झाला आणि लाईट गेली.

लूम असे कधी एकदम थांबत नसत. एखादा रखडे, एखादा उशिरा निजे. या वेळी साऱ्या नारपोलीचा गळा कुणीतरी एका मुठीत धरल्यासारखा झाला. अंधारात मशीननं एक लांब शीळ घातली आणि तेही गप्प झालं.

नबीला तोवर बाटल्यापाशी पोचली होती. पाना फिरवला, नळी जोडली, नळीत फुसफुस ऐकली, मोबाईलच्या उजेडात काटा बघितला. काटा अर्ध्याच्या खाली होता. गेल्या आठवड्यात लाईट दोनदा गेली होती. नवा बाटला उद्या येणार, असं एजाज दोन दिवस म्हणत होता.

"भाई!" तिनं जिन्यात तोंड घालून हाक मारली. "दुसरा बाटला आण. आत्ता."

"येईल गो लाईट इतक्यात."

"आत्ता जा!"

त्याची मोटारसायकल गल्लीतून गेलेली ऐकू आली. पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आली. एवढ्या लांबचा आवाज या घरात कधी पोचला नव्हता.

"वर जा," गुलाम हुसेन म्हणाले.

"अब्बा, नको. भाई आला की जाईन."

"तोपर्यंत बुडेल ती. जा गो." त्यांनी दम घेतला. "मी कुठं जातोय?"

नबीलानं आईकडे बघितलं. जुबैदा पुठ्ठ्यानं नवऱ्याला वारा घालत होती. तिनं जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. पुठ्ठा हलत राहिला.

नबीला वर गेली.

भिवंडी नव्हतीच. पत्रे, टाक्या, धुराडी, उंच खांबाचा तो दिवा, सगळं कुणी काळ्या पाण्यात बुडवलं होतं. आणि वर आभाळ खाली आलं होतं. तिनं एवढे तारे आपल्या गच्चीवरून कधी बघितले नव्हते. चिंचेच्या काळ्या डोक्यापाशी सुरैया लोंबत होती, दवात भिजलेल्या घोसासारखी, निळसर, एकमेकीला बिलगलेल्या चांदण्यांची. नबीलानं कॅमेरा लावला, बटण दाबलं, श्वास धरला.

पडद्यावर चित्र आलं. एकेक तारा टाचणीच्या टोकाएवढा. मोठं केलं, तरी टाचणीचं टोक. डोळ्यांना सहा दिसत. कॅमेऱ्यानं त्यांच्या मधल्या मधल्या कितीतरी धाकट्या वेचून आणल्या होत्या.

तेव्हाच खाली जायला हवं होतं. तिनं आणखी एक काढला. मग चिंच जरा जास्त घेऊन एक. मग सुरैया जरा मधे घेऊन एक. खाली अंधारात काटा उतरतोय हे तिला ठाऊक होतं, आणि तरी हात थांबत नव्हता. इतक्या दिवसांचे किडे बघितल्यावर समोर ही अशी स्वच्छ उभी होती. घरून दिलेला निरोप विसरून एखादं पोर जत्रेत उभं राहावं, तसं तिचं झालं.

ती उतरली तेव्हा अब्बांनी डोळे मिटले होते. जुबैदानं पुठ्ठ्यानंच त्यांच्या दंडाला हलकेच टोचलं. "उघडा. आणलंय तिनं तुमचं आसमान."

अंधाऱ्या खोलीत तो पडदा खिडकीसारखा उजळला. गुलाम हुसेननी चष्मा मागितला. बघितलं. त्यांच्या तोंडावरचे सगळे ताण सैल झाले.

"हां," ते म्हणाले. "ही. हीच."

मग त्यांचं बोट खाली सरकलं, ताऱ्यांवरून झाडावर. काचेवर थांबलं.

"फांदी कुठं गेली?"

ती फांदी गेल्या हिवाळ्यात तोडली होती. उंच खांबाच्या दिव्याच्या आड येत होती म्हणून. घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांना सांगायचं नाही असं ठरलं होतं. आणि चांगला फोटो काढायच्या नादात, चांगल्या फोटोत काय काय दिसतं, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

"वाऱ्यानं पडली, अब्बा."

"कुठल्या वाऱ्यानं?"

"गेल्या पावसात."

"वाऱ्यानं पडणारी नव्हती गो ती." त्यांनी दोनदा दम घेतला. "म्हणजे उज्मावर आता ऊन येत असंल."

मग त्यांनीच कॅमेरा परत तिच्या हातात दिला आणि लहान मुलीला म्हणावं तसं म्हणाले, "सुरैया झकास आलीय. एकदम झकास."

लाईट आली नाही. एजाजचा फोन आला: सिग्नल बंद पडलेत, कंटेनर आडवे झालेत, नेहमीच्या दुकानाचं शटर खाली आहे, दुसरीकडे बघतो. काटा उतरत होता. नबीलानं धार कमी केली, मग अजून थोडी कमी केली. खालचे दोन कारागीर शेजारच्या दवाखान्यातून बाटला मिळतो का बघायला पळाले आणि हात हलवत परतले. रुग्णवाहिकेचा माणूस फोनवर म्हणाला, निघालोय, पण पुलावर अडकलोय.

"ऐक," गुलाम हुसेन म्हणाले.

"काय, अब्बा?"

"कायच नाय. ऐक ना."

तिनं ऐकलं. कुठंतरी पोर रडत होतं. कुणी तांब्या बुडवून माठातलं पाणी घेतलं. जुबैदाचा पुठ्ठा हलत होता आणि त्याबरोबर तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या.

"तुझ्या बांगड्या वाजतात?" त्यांनी बायकोला विचारलं.

"लग्नापासून वाजतात," जुबैदा म्हणाली. "ऐकलं कुणी?"

ते हसल्यासारखे झाले. या वेळी खोकला आला नाही. नबीलानं तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पुढं पुढं दोन श्वासांमधली जागा लांब होत गेली. जुबैदा पुठ्ठा टाकून कलमा म्हणू लागली, त्यांच्या कानाशी, हळू. नबीला त्यांचे तळवे चोळत होती. काटा शून्याला टेकल्यावरही ती पाना घेऊन फिरवत राहिली, जणू लोखंडाच्या आत कुठंतरी एखादा घोट लपून बसला असेल. एका श्वासानंतरची ती जागा संपलीच नाही. घरात इतकी शांतता होती की तो क्षण चुकवायची सोयसुद्धा राहिली नव्हती.

आणि मग लाईट आली.

साऱ्या गल्लीत आरोळी उठली. बटणं चालूच राहिली होती, तेव्हा खालचे लूम एकदम धडधडले, शेजारचे धडधडले, मशीन शीळ घालून सुरू झालं. पिवळ्या उजेडात लोखंडी खाट थरथरू लागली.

"हलले!" जुबैदा ओरडली. "नबीला, हात हलला! बघ, बोटं हलतायत! नळी लाव, नळी!"

गुलाम हुसेनांची बोटं छातीवर खरंच हलत होती. बारीक, न थांबता, कॅमेऱ्यातल्या त्या दिव्यासारखी. नबीलाला आता ती थरथर लागत होती. जमिनीतून पायात, खाटेतून हातात. तिनं आपला तळवा त्यांच्या बोटांवर दाबून धरला.

"अम्मी," ती म्हणाली. "लूम आहेत ते."

दारात एजाज उभा होता. खांद्यावर बाटला. तो खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जोहरच्या नमाजनंतर, जनाजा उठला. बायका दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. कबरस्तानात बायकांनी जायचं नसतं. मेघाली सकाळीच खारबावहून आली होती, ती कोपऱ्यात पेले विसळत बसली. माणसं गल्लीच्या वळणाआड गेली तशी जुबैदा उठली, आणि कुणाला काही न सांगता जिना चढू लागली. शेजारणी म्हणाल्या, "अगो, कुठं?" ती थांबली नाही. नबीला कॅमेरा उचलून तिच्या मागं गेली.

गच्ची तव्यासारखी तापली होती. जुबैदानं डोळ्यांवर हात धरला. "मला एवढ्या लांबचं दिसत नाय. तू सांग."

नबीलानं कठड्यावर कोपरं टेकून भिंग लावलं. चित्र हलत होतं, पण माणसं ओळखू येत होती. पांढऱ्या टोप्या, एजाजची पाठ, उघडी ओली माती.

"आले का?"

"आले."

"एजाज उतरला का आत?"

"उतरला. त्याच्या हातात देतायत."

जुबैदाचे ओठ हलले. खाली लूम चालू होते. मग तिनं विचारलं, "उज्माच्या जवळच ना?"

नबीलानं भिंग डावीकडे फिरवलं. चिंच, तोडलेल्या फांदीचा पांढरा खुंट, खाली उन्हात एकमेकीला चिकटलेल्या कबरींच्या ओळी. तिथं बोट ठेवायला जागा नव्हती. मग परत उजवीकडे, पार टोकाला, जिथं माणसं उभी होती. आदल्या रात्री अंधारात ती किती सहज खोटं बोलली होती. आता तोंड उघडलं तर जीभ वळेना.

"नाही, अम्मी. लांब आहे. भिंतीकडे. त्या उंच खांबाच्या खाली."

"दिव्याच्या?"

"हो."

"तो रात्रभर जळतो ना?"

"रात्रभर."

जुबैदानं कठडा दोन्ही हातांनी धरला. तिकडे मुठी मुठीनं माती पडू लागली होती, हे भिंगातून दिसत होतं, आणि नबीला ते सांगणार होती. पण आई तिच्याशी बोलत नव्हती. ती त्या लांबच्या माणसांशी बोलत होती, एखादी राहून गेलेली गोष्ट पाहुण्यांना दारातून ओरडून सांगावी तशी, फक्त फार हळू.

"त्यांना उजेडात झोप लागत नाय."